काळा दगड, पांढरा चुना

आमच्या जुन्या घरात चुलीच्या डाव्या हाताला एक कोनाडा होता. हातभर उंच, वीतभर खोल, आणि वर पाच पाकळ्यांची महिरप. आजीची मिठाची बरणी, काडेपेटी आणि चिमणीची काजळी, एवढ्या तिघांचा तिथे कायमचा मुक्काम. देवघरातला कोनाडाही अस्साच. तिथे मिठाऐवजी बाळकृष्ण. लहानपणी मला वाटायचं, कोनाडा म्हटला की तो असाच असणार, पुरी जशी गोलच असते. पुढे पुण्याला शिकायला गेलो आणि खोलीतल्या भिंतीत चौकोनी फडताळ पाहिलं, तेव्हा कळलं की कोनाड्यांनाही गाव असतं.

औरंगाबादच्या गुलमंडीपासून पाच मिनिटांवरचं ते घर २०११ साली रस्तारुंदीत गेलं. खरं म्हणजे अर्धंच गेलं. उरलेलं अर्धं आम्ही पाडलं, कारण अर्ध्या घरात राहता येत नाही आणि अर्धं घर बघवतही नाही. नुकसानभरपाईचं काय झालं ते विचारू नका. त्यावर वेगळा लेख होईल, आणि तो ललित नसेल.

पाडकामाला आलेल्या गवंड्यांत शहागंजकडचे एक म्हातारे चाचा होते. त्यांना म्हटलं, एवढा एक कोनाडा अख्खा काढून द्या, नव्या घरात बसवतो. चाचांनी थापीच्या दांड्याने महिरपीवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "साहब, ये निकलता नहीं. ये दीवार का-च है." तरी मी हट्ट धरला. त्यांनी छिन्नी लावली आणि महिरपीची पहिलीच पाकळी त्यांच्या हातात भुगा होऊन आली. दुसरीही तशीच. तिसरीच्या वेळी तळहाताएवढी एक ढलपी मात्र साबूत निघाली. ती त्यांनी फुंकर मारून माझ्या हातावर ठेवली.

त्या ढलपीत सगळं दिसत होतं. मागे काळ्या दगडाचा कपचा चिकटलेला. त्याच्यावर विटेच्या सुरखीने लालसर झालेला जाड थर, त्यात तागाचे धागे. मग पांढऱ्या चुन्याचा बारीक थर, आणि सगळ्यांत वर अंड्याच्या कवचाइतकी पातळ, घोटून घोटून गुळगुळीत केलेली साय. चाचांनी ती साय माझ्या गालाला लावली. एप्रिलच्या उन्हात ती थंडगार होती. कळीचा चुना विझवून कित्येक दिवस भिजत ठेवायचा, घाणीत दळायचा, गुळाचं पाणी नि बेलफळाचा चीक घालायचा, शेवटी शंखजिऱ्याची पूड मारून गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं, असं ते सांगत होते. किती वेळ घोटायचं, मी विचारलं. "मुँह दिखेपर्यंत," चाचा म्हणाले. हिंदी धातूला मराठी शेपूट लावायची ही आमच्या गावची जुनी रीत.

एका बाजूला काळा दगड, दुसऱ्या बाजूला संगमरवराचं सोंग. या शहरातल्या इमारतींचं मला जे काही उमगलं, ते त्या ढलपीपासून.

शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. त्याआधी औरंगाबाद, त्याआधी काही वर्षं फतेहनगर, आणि त्याहीआधी खडकी. ज्या काळाची गोष्ट, त्या काळचं नाव घेतो. त्यावरून कुणी वाद घालू नये. खडकी हे नाव मला मनापासून आवडतं, कारण त्यात निदान दगडाचा प्रामाणिक उल्लेख आहे. इथे जमिनीवर वीतभर माती आणि खाली काळा कातळ. जे काही बांधायचं ते त्याच दगडात.

तर मकबरा. गावातले आम्ही नुसतं मकबरा म्हणतो. 'बीबी का' हे पाहुण्यांसाठी. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं हे घरातल्या थोरल्या मुलाचं, म्हणजे माझं, काम. फाटकातून आत शिरल्यावर पहिल्या दहा पावलांत कुणीतरी म्हणणार, "अरे, हा तर डुप्लिकेट ताजमहाल!" मग गाइड 'दख्खनचा ताज' म्हणून सारवासारव करणार आणि एखादे काका 'गरिबांचा ताज' म्हणून सगळ्यांना हसवणार. मी ओशाळून हसायचो. दहावीला नापास झालेल्या चुलतभावाबद्दल कुणी विचारलं की जसं होतं, तसं व्हायचं.

इमारतीची हकिकत मात्र मजेदार आहे. बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं की हा मकबरा १६५१ ते १६६१ या काळात शहजादा आझम शाहाने आईच्या आठवणीसाठी बांधला. आता हिशेब करा. ती आई, म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरास बानू, वारली १६५७ मध्ये, आणि आझम जन्मला १६५३ मध्ये. म्हणजे आई धडधाकट असताना, आणि स्वतः पोटातही नसताना, या लेकराने आईच्या कबरीचा पाया खणायला घेतला! बांधवून घेणारा औरंगजेबच. तोही कोणत्या घाईत होता बघा. १६५७ च्या सप्टेंबरात तिकडे शहाजहान आजारी पडला, ऑक्टोबरात इकडे बाळंतपणानंतर महिनाभरात दिलरास गेली, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला हा दख्खनचा सुभेदार भावांशी तख्तासाठी लढायला उत्तरेकडे निघाला. बायकोची कबर उभी राहत होती तेव्हा नवरा लढायांत होता, आणि तिजोरी फौजेकडे वाहत होती.

आकार ठरलेला होता. आईसाठी बापाने आग्र्याला जे बांधलं, तेच. उंच चौथरा, वर मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार, समोर चार भागांत विभागलेली बाग आणि मधून पाण्याचे पाट. भोवतीची भिंत सुमारे ४५८ मीटर लांब नि २७५ मीटर रुंद. काम सोपवलं अताउल्लावर; ताजमहाल रचणारा म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. बापाने बापासाठी बांधलं, मुलाने मुलासाठी. आकार वारशाने आला. पैसा तसा आला नाही. जुन्या फारसी नोंदीत खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा मिळतो. त्या सात आण्यांवर माझा फार जीव आहे. ताजमहालाचा खर्च तीन कोटींच्या पुढे सांगतात, आणि तिथे कुणी आणे मोजल्याचं ऐकलं नाही.

संगमरवर यायचा जयपूरकडच्या खाणींतून. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना याच वाटेने गेला. संगमरवराने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या आपण पाहिल्या, आणि त्यांतल्या लहानातल्या लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असं त्याने लिहून ठेवलंय. बैलांना चारा लागतो, गाडीवानांना पोट असतं. तेव्हा संगमरवर पुरवून पुरवून वापरला. मकबऱ्याच्या चौथऱ्यावर चढलात की भिंतीला हात लावा आणि हळूहळू वर न्या. कमरेच्या आसपास एका रेघेशी दगडाचा थंडपणा बदलतो. तिथे संगमरवर संपला. तिथून घुमटाच्या बुडापर्यंत आतला दगड आपला काळा कातळ, वर चुन्याचा गिलावा, आणि त्या गिलाव्यातच फुलं, वेली, जाळ्या. घुमट पुन्हा संगमरवरी, कारण तो लांबून दिसतो. लग्नघरात दर्शनी खोलीला रंग देतात आणि माजघर तसंच ठेवतात, तो हिशेब. फक्त इथे तो बादशहाच्या बेगमेला लावलेला.

"म्हणजे चुना लावला!" असं माझ्या एका मेहुण्याने ही माहिती ऐकून म्हटलं होतं. हसलो सगळेच. पण ताजमहालही आतून विटांचाच आहे, वर संगमरवराच्या लाद्या आहेत, हे त्याला सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला. दोन्हीकडे सोंगच, एकाचं कातडं जाड, एकाचं पातळ, एवढंच.

मला छळणारा प्रश्न वेगळा होता. पांढरंच कशाला? काळ्या दगडात कोरीव काम होत नाही असं म्हणायची सोय नाही. तासाभराच्या आत वेरूळ आहे, आणि तिथे अख्खं कैलास लेणं याच दगडातून वरून खाली कोरत उतरवलंय. दौलताबादचा किल्ला काळाच आहे आणि कुणाला त्यात उणं वाटत नाही. पण शहाजहानच्या दरबाराला पांढऱ्याचं वेड होतं. आग्र्याच्या किल्ल्यात आजोबांच्या, म्हणजे अकबराच्या, लाल दगडी इमारती पाडून त्याने पांढऱ्या उभ्या केल्या. राजधानीत जे पांढरं झालं ते सुभ्यातही पांढरं दिसायला हवं, मग तिथली जमीन कोणत्याही रंगाची असो. हुकूम रंगाचा होता, दगडाचा नव्हता. तो रंग इथल्या माणसांनी चुन्यातून काढला, आणि काढताना हाताला जे वळण लागलं ते मकबऱ्यावर थांबलं नाही. आमच्या कोनाड्यापर्यंत आलं.

मकबऱ्याच्या मुख्य दरवाजाला पितळी पत्रा आहे, त्यावर नक्षी आहे, आणि त्या नक्षीत अक्षरं आहेत. अताउल्लाचं नाव आहे, आणि त्याच्यासोबत काम उभं करणाऱ्याचं: हंसपत राय. त्या दरवाजापाशी मी पाहुण्यांना नेहमी थांबवतो. सेल्फीची घाई असते, त्यामुळे बहुतेक थांबत नाहीत. एवढ्या सगळ्या घुमट-मिनारांमागे दोन माणसांची नावं उरली आहेत, आणि तीही बिजागरीच्या दारावर, रोजच्या ये-जा करण्याच्या जागी. आत घुमटाखाली जमिनीला अष्टकोनी मोकळी जागा ठेवलीय, संगमरवरी कठड्यातून खाली बेगमेची कबर दिसते. लोक वरून नाणी टाकतात, नोटा टाकतात. खाली चादरीवर दहा-दहाच्या नोटा पडलेल्या बघून मला दर वेळी ते सात आणे आठवतात.

आता थोडं मागे जाऊ, कारण मुघल आले तेव्हा इथे माळरान नव्हतं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली. दोन वर्षांनी भडकल दरवाजा उभा राहिला, तोही मुघलांना हरवल्याच्या आठवणीसाठी. भलाथोरला, अंगाने बसका, वर बघत राहावी अशी कमान. मकबऱ्याचा नाजूकपणा त्यात शोधू नका. तो दरवाजा तालमीतल्या वस्तादासारखा पाय रोवून उभा आहे. आज त्याच्याशेजारी बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथे मुंगीला वाट नसते.

१६१६ मध्ये मुघलांनी खडकी जाळली. पण अंबरने जमिनीखाली जे बांधलं होतं ते जळण्यासारखं नव्हतं. उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी खापराच्या नळ्यांतून आणि दगडी पाटांतून केवळ उताराच्या जोरावर गावात आणणारी नहर. नाव बदललं, सुभेदार बदलले, तख्तं बदलली. नहर चालू राहिली, नव्या राज्यकर्त्यांनी तिला आणखी फाटे जोडले. आमचं घर पाडताना अंगणाखालून अशाच एका फाट्याच्या नळीचे दोन तुकडे निघाले. लालभडक, हातभर लांब, एका टोकाला दुसरी नळी बसावी म्हणून ओठ काढलेला. चाचांनी वाकून आतून पलीकडे पाहिलं. आज गावात नळाला चार-चार, कधी आठ-आठ दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे मलिक अंबरबद्दल आमच्याकडे सगळ्या आळ्यांत एकमत आहे, आणि असं एकमत या शहरात दुसऱ्या कुठल्याही माणसाबद्दल नाही.

साम्राज्य म्हटलं की दिल्लीहून एक शैली निघाली आणि इथे येऊन उतरली, असं डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात साम्राज्याबरोबर आणखी पन्नास गावं आली. मुघलांच्या फौजेत राजपूत सरदार होते, ते इथे आपापला लवाजमा घेऊन वसले, आणि त्यांच्या वस्त्यांना त्यांची नावं पडली. करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा. रिक्षावाल्याला ही नावं सांगताना आपण बिकानेर, बुंदी, आमेर, बुंदेलखंड असा फेरफटका मारतोय हे कुणाच्या मनात येत नाही. करणपुरा म्हणजे बिकानेरच्या करणसिंगाचा; तो १६६९ मध्ये इथेच वारला. त्याच्या पुऱ्यातल्या देवीची नवरात्रात जत्रा भरते, आकाशपाळणे लागतात. लहानपणी पाळण्यात बसून उलटी केल्याची माझी सगळ्यांत जुनी आठवण त्या जत्रेतली आहे.

डोंगराच्या पायथ्याला सोनेरी महाल आहे. औरंगजेबाबरोबर आलेल्या पहाडसिंग बुंदेल्याने तो बांधला. चित्रांत सोन्याचं काम होतं म्हणून सोनेरी. पायऱ्या चढून वर गेलात तर मोगलाईपेक्षा बुंदेलखंडातल्या एखाद्या हवेलीत आल्यासारखं वाटतं. दगड मात्र इथलाच, चुनाही इथलाच. बुंदेल्यांनाही तोच काळा कातळ, आणि त्यावर तीच घोटाई.

१६८१ नंतर औरंगजेब पुन्हा दख्खनेत आला तो परत न जाण्यासाठीच. मराठ्यांच्या धाडी होत होत्या, म्हणून १६८२ मध्ये शहराभोवती तट बांधला. तटाला दरवाजे. दिल्लीकडे तोंड करून दिल्ली दरवाजा, जालन्याकडे जालना, पैठणकडे पैठण, आणि पश्चिमेला मकाई, म्हणजे मक्केकडचा. नावांतच नकाशा. आम्ही बावन्न दरवाजांचं शहर म्हणवून घेतो. मोजायला बसलात तर निराश व्हाल. तट बहुतेक गेला, आणि तट नसलेला दरवाजा म्हणजे बिनभिंतीची खिडकी. मकाई दरवाजातून आजही रिक्षा, दुधाचे टेम्पो, शाळेच्या व्हॅन एकामागोमाग एक जातात. एकदा आमची रिक्षा मध्येच अडकली. समोरून टमाट्यांचा छोटा हत्ती, मागे बारा मोटारसायकली. दहा मिनिटं हाताच्या अंतरावर कमानीचा आतला भाग बघत बसलो. गिलावा जवळजवळ सगळा उडालेला. एका खाचेत चुन्याचा एक पट्टा शिल्लक होता, त्यावर अर्धी पाकळी. बाकी सगळा उघडा काळा दगड. साडेतीनशे वर्षांत तो पुन्हा वर आला होता.

ज्यांच्यासाठी हा तट बांधला, त्या मराठ्यांचं काय? इथे माझ्या लाडक्या शब्दाकडे येतो: महिरप. मूळचा अरबी मिहराब, मशिदीतली मक्केची दिशा दाखवणारी कमानदार जागा. मराठीत येता येता त्याची महिरप झाली आणि दिशा सुटली. गौरींच्या मागे महिरप. गणपतीच्या मखराला महिरप. श्रीखंडपुरीच्या पानाभोवती रांगोळीची महिरप. शाळेत गणितात महिरपी कंस. कमान, बुरूज, दिवाणखाना, हौद, तावदान, इमारत. हे शब्द काढून टाकले तर मराठी माणसाला वाडा बांधता येणार नाही, वाड्यावर भांडताही येणार नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-इ-आममध्ये बादशहाच्या बैठकीला खाली फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे संगमरवरी खांब आहेत. पुढच्या दीड शतकात तेच खांब सागवानात उतरून पेशवाईतल्या वाड्यांत आले आणि त्यांचं नाव झालं सुरूचे खांब. वर महिरप, आणि महिरपीच्या टोकाला उलटं लोंबणारं केळफूल. हे केळफूल कोणत्याही बादशहाचं वाटत नाही, ते परसातलं. पुण्यात विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी बाजूला ते बघता येतं. १६८२ मध्ये ज्यांना बाहेर ठेवायला भिंत घातली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी तिच्या आतली कमान उचलून नेली, लाकडात केली, आणि तिला केळफूल लावलं. यात हार-जीत कुणाची ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात एक सुतार दिसतो, ज्याला धन्याने 'तसंच करायचं' सांगितलं आणि ज्याने 'तसंच' केलं नाही.

हैदराबादच्या निजामाबद्दल आमच्या घरात बोलायची पद्धत नव्हती. आजोबांना ते रझाकारांचे दिवस आठवायचे आणि विषय बंद व्हायचा. पण इमारतींत निजाम आहेच. पहिल्या निजाम-उल-मुल्काच्या काळातली पाणचक्की, १७४४ ची. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याला लागून. डोंगरातलं पाणी नळांतून आणलं, भिंतीवर चढवलं, तिथून हौदात धबधब्यासारखं सोडलं आणि त्या जोरावर जातं फिरवलं. फकिरांना, वाटसरूंना पीठ. हौदाखाली मोठा दालनवजा तळमजला आहे, डोक्यावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यात गार. मे महिन्यात आमच्या शहरात पाहुणचार करायचा असेल तर तिथे न्या, मकबरा संध्याकाळी.

१७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली आणि शहराची वाढ थांबली. श्रीमंत शहरं जुनं पाडून नवं बांधतात. इथे तेवढा पैसा नव्हता, म्हणून बरंच राहिलं. जी भर पडली ती मात्र बघण्यासारखी. मकबऱ्याच्या चौथऱ्यावर पश्चिमेला निजामाने एक मशीद बांधली आणि त्या बाजूची येण्याची वाट बंद झाली. डावं-उजवं काटेकोर तोलून काढलेल्या नकाशाचा तिथे तोल गेला. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी चुकचुकतात. मला ती मशीद आवडते. कुणीतरी त्या कोरड्या नकाशात नमाजाला जागा केली.

आणि खुलताबादची औरंगजेबाची कबर. बायकोसाठी ताजमहालाचा साचा उतरवणाऱ्याने स्वतःसाठी उघड्या आकाशाखाली मातीची कबर ठेवली, वर सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी खूप नंतरची. व्हाइसरॉय कर्झनच्या सांगण्यावरून निजामाने बसवली. मुघल बादशहाच्या मातीला निजामाचा संगमरवर, इंग्रजाच्या इच्छेने. हल्ली त्या कबरीचं नाव काढलं की टीव्हीवर आवाज चढतात, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

इंग्रजांनी इथे छावणी केली, बंगले बांधले, कौलं घातली. १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निजामाची मीटरगेज आली. पण इंग्रजांचा हात नागपुरात, पुण्यात जसा दिसतो तसा इथे दिसत नाही. ते निजामाच्या आडून होते.

आता आम्ही सिडकोत राहतो. तिसरा मजला, लिफ्ट, सगळ्या भिंती सरळ. गेल्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा लेकीने हट्ट धरला की देवघर साधं नको. फर्निचरवाला मुलगा मोबाइल घेऊन आला. बोटाने एकेक फोटो सरकवत होता. पांढऱ्याशुभ्र शीटमध्ये मशीनने कापलेली पाच पाकळ्यांची कमान, मागून पिवळा दिवा.

"सर, ही मुगल डिझाइन. सध्या खूप चालते."

लेक म्हणाली, "मुगल नको हो. काहीतरी आपलं दाखवा ना. वाड्यासारखं."

"वाडा डिझाइन पण आहे ना, मॅडम." त्याने चार-पाच फोटो भराभर पुढे ढकलले आणि एका फोटोवर थांबला. तीच कमान, त्याच पाच पाकळ्या, तोच पिवळा दिवा. मधोमध एक केळफूल लोंबत होतं.

"हां, हे मस्त आहे," लेक म्हणाली. मी टेबलावरची चुन्याची ढलपी उगाच हातात घेतली.

"केळफुलाचे तीनशे वेगळे लागतील, सर," मुलगा म्हणाला.